ओटीचा रकाना

नोंदी राखणाऱ्या गेणबाआप्पांच्या जाडजूड वहीत शिरूर-दौंडकडच्या एकशे चाळीस धनगर घरांची वंशावळ होती. २००३ साली पूनमने ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. वहीतल्या रेघा मनाला येईल तशा धावत. एकेका नावावर दोन-दोन रेघा येऊन टेकत. एक्सएमएल या कॉम्प्युटरच्या मांडणीला ते मानवत नाही. तिथे प्रत्येक नाव एकाच नावाच्या पोटात राहतं. म्हणून तिने आधी कागदावर आराखडा मांडला, माणूस, लग्न, जन्म, आणि वहीचा एकेक रकाना त्यात बसवत गेली.

शेवटी 'ओटीत' हा रकाना उरला. मूलबाळ नसलेल्या थोरल्या जावेच्या ओटीत धाकटीने पाचवीला आपलं मूल घालायचं, ही त्या घरांची रीत. वहीभर अशा अकराच नोंदी होत्या. त्यांतली एक तिची स्वतःची: रंगुबाईने जन्म दिला, गिताबाईने वाढवलं. एका जादा दुव्याने हे नातं राखता आलं असतं. पण पुस्तकाच्या छपाईची तारीख तोंडावर होती. 'पुढच्या आवृत्तीत बघू,' म्हणत तिने नियम लिहिला: मूल जन्मदात्रीखाली. रूपांतर निमिषात झालं. कॉम्प्युटरने एकही चूक दाखवली नाही.

केडगावच्या मेळाव्यात पुस्तक वाटलं गेलं. घरी गिताबाईने हात पदराला पुसून ते मांडीवर घेतलं.

"आपल्या घराचं पान काढ की गं. मी कुठाय?"

पूनमने बोट ठेवलं.

"आन् तू?"

पूनमने बोट हलवलं नाही. "हितंच, आये. तुझ्याखाली."

गिताबाईचं बोट त्या नावाखालून सरकलं, थबकलं, मग हळूहळू शेजारच्या ओळीवर गेलं.

"ही काय हितं हायस. रंगूखाली."

"तुला... वाचता येतं?"

"येक तुजंच नाव येतं. दोन वर्सं चुलीपुढं बसून पाटीवर गिरवत व्हतीस. तवा मी काय झोपले व्हते व्हय, बया?" ती हसली. हसू ओठांवरच विझलं. "बराबर हाय म्हणा. जल्म तिनंच दिला."

"आये, मी बदलते..."

"छापल्यालं कुठं बदलतंय?" बोट पुन्हा आपल्या नावाकडे परतलं होतं. "आन् माज्याखाली ही बारीक अक्षरं कसली गं? वाच की."

रिकाम्या जागी काय छापायचं, हा नियमही पूनमनेच लिहिला होता.

"वाच की, पोरी."

अपत्य नाही.