चालू लाइनीवरचं काम

ललितसाहेबांनी नवी नियमावली टेबलावरून पुढे सरकवली आणि सलाउद्दीनने ती डाव्या हाताने ओढून घेतली. उजवा हात महिनाभरापासून पट्टीत होता. नवापूरच्या या कोंबडीफार्मवर चालू पॅनेल दुरुस्त करताना ठिणगी उडाली होती. बोटं शाबूत राहिली. कातडी तेवढी गेली.

नियमावली देखणी होती. चालू लाइनीवर काम करू नये. करायचंच झालं तर लेखी परवाना, रबरी हातमोजे आणि मेन स्विचजवळ दुसरा माणूस. अपघाताच्या आठवडाभर आधी याचं प्रशिक्षणही झालं होतं, असं रजिस्टरचं म्हणणं होतं.

"सही तुमचीच ना?"

"माझीच. प्रशिक्षणाला फक्त रजिस्टर आलं होतं, साहेब. सोबत कचोरी."

साहेब हसले नाहीत. चौकशीत हसायची पद्धत नसते.

"नियम माहीत असून मेन चालू ठेवला, म्हणजे निष्काळजीपणा. मग कामावर ठेवता येत नाही. हिलाल, तू तिथे होतास. सांग."

सलाउद्दीन निवांत झाला. हिलाल आणि तो सोळा वर्षं एकाच शिडीवर होते. एकाने चढायचं, दुसऱ्याने धरायची. त्या दिवशी मेन पाडायची, म्हणजे वीज तोडायची, परवानगी मागायला ऑफिसात हिलालच गेला होता. परत येऊन म्हणाला होता, "साहेब नही म्हणतस. पंखा बंद पडनात ते पाखरे मरतीन. चालूमाच कर."

हिलालने खिडकीबाहेर बघितलं.

"मी सांगेल व्हतं त्याले, मेन पाड म्हणून. त्यानी आयकं नही."

सलाउद्दीन त्याच्या शर्टाकडे बघत राहिला. खिशाला नवं कोरं ओळखपत्र लटकत होतं : सुरक्षा पर्यवेक्षक.

तेवढ्यात शेडवर काम करणारा योगेंद्र धावत आला. तीन नंबरच्या शेडमधले निम्मे पंखे बंद पडले होते, पॅनेल तडतडत होतं. चौकशी तशीच टाकून सगळे उन्हात निघाले.

"हिलाल, बघ जरा. मेन पाडू नकोस, बाहेर बेचाळीस अंश आहे."

"परवाना, साहेब?"

"तो मागाहून भरू."

हिलालने पॅनेलचं दार उघडलं. पेचकस हातात धरून तो नुसताच उभा राहिला. मग मागे न बघता, पेचकसाने भिंतीवरच्या मेनकडे खूण करत हळूच म्हणाला,

"सल्लूभाई, मेनजोडे उभा ऱ्हाय ना भो."

सलाउद्दीन भिंतीपाशी गेला आणि डाव्या हाताने मेनचा दांडा खाली ओढला.

उरलेले पंखेही घरघरत थांबले. शेडभर कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागला.

"मेन कुणी पाडला?" साहेब ओरडले.

"त्यानी पाडा, साहेब," हिलाल म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याने मोजे न घालता दोन्ही हात पॅनेलमध्ये घातले. लाइन खरंच बंद आहे का, हे तपासून बघायची गरजसुद्धा त्याला वाटली नाही.