पेट्यांपर्यंतचा चढ

मी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. मित्रांनो, हल्ली बोलतानासुद्धा मला धाप लागते, म्हणून मध्येच थांबले तर समजून घ्या.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग गडद हिरवा होता आणि आवाज इतका खणखणीत, की लोक वळून बघत. वीज खात्याने मला घेतले. डोंगरात जिथे खांब उभे राहिले, तिथे मी तारांची भेंडोळी, शिड्या आणि वायरमन घेऊन गेले. वादळात तारा तुटल्या की पहिली हाक मला. दिवे लागले की लोक वायरमनची पाठ थोपटत आणि चहाचे पेले माझ्या बॉनेटवर ठेवत. मला त्याचे वाईट वाटत नसे. कामाचा शीण कामातच जिरून जाई.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि मला गोदामामागे उभे केले. मित्रांनो, पळून येणारा थकवा झोपेने जातो. उभे राहून येणारा हाडांत शिरतो. माझे टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड थाटले. शेवटी जुन्या गाड्यांच्या एका दलालाने मला उचलले आणि वरून काळा रंग फासला. गंजावर रंग, वाळल्या चिखलावर रंग, नटबोल्टवरही रंग. नव्वदीच्या आजीला लग्नाला उभे केल्यासारखी माझी गत झाली.

तिथे मला बँकेतल्या एका कॅशियरने पाहिले. डांबरी रस्ता सोडून त्याने कधी गाडी खाली उतरवली नव्हती. त्याने टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला आणि म्हणाला, "हीच घ्यायची."

"अहो, खालून तरी बघा एकदा," बायको म्हणाली.

"खालून काय बघायचंय? इंजिन वर असतं."

ही खरेदी नुसती हौसेची नव्हती. बायकोच्या वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या डोंगरावरच्या पठारावर होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते वर गेले नव्हते. आता त्या पेट्या दुसऱ्या एका मधपाळाला द्यायचे ठरले होते, आणि तो दुसऱ्याच दिवशी त्या न्यायला येणार होता. वडिलांचे मागणे एकच होते. "द्यायच्या आधी एकदा माझ्या हातानं उघडू दे, पोरी. एवढी वर्षं सांभाळल्या, न भेटता कशा देऊ?"

म्हणून आम्ही निघालो. ओढा पार झाला आणि ओल्या मातीचा उभा चढ लागला. कॅशियरने आतला छोटा दांडा ऐटीत ओढला. "बघा बाबा, आता चारही चाकं ओढतील."

मी जीव तोडून ओढले. मागची चाके गरागरा फिरली, चिखल उडाला आणि मी जागीच रुतले. त्याने पुन्हा रेटले, पुन्हा रुतले. क्लच जळल्याचा वास सुटला. त्याने उतरून दार धाडकन आपटले.

"फसवलं त्या दलालानं. निकामी गाडी गळ्यात मारली! उद्याच भंगारात घालतो."

मला त्यांच्याशी बोलता येत नाही याचे एवढे दुःख कधी झाले नव्हते. माझ्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल खिट्टी आहे. खाली उतरून ती हाताने फिरवली नाही, तर आतला दांडा कितीही ओढा, पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचत नाही. दलालाच्या रंगाखाली त्या खिट्ट्या बुजून गेल्या होत्या.

मागच्या सीटवर वडील गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "जाऊ द्या, जावईबापू. परत फिरू. निकामी ते निकामीच." ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. मला ते कळले, मुलीलाही कळले.

ती खाली उतरली. "परत एकदा रेटा."

"अगं, जळेल क्लच."

"रेटा म्हणते ना!"

त्याने परत आत बसून रेटले आणि ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. "अहो, ही चाकं फिरतच नाहीयेत! नुसती उभी आहेत." मग तिने ओढणीने चिखल पुसला, किल्लीने रंग खरवडला. खालून खिट्टी दिसली, खिट्टीवरचा बाण दिसला. तिने दात-ओठ खाऊन ती फिरवली, मग दुसऱ्या बाजूची. आणि मित्रांनो, मी चढले. खोकत, कण्हत, पण चढले.

वर दोन पेट्या रिकाम्या निघाल्या. बाकीच्या भरलेल्या होत्या. माश्या वडिलांच्या उघड्या हातांवर चालत होत्या आणि ते एकेका पेटीशी काहीतरी बोलत होते. मी लांब उभी होते, मला ऐकू आले नाही. उन्हे कलली तेव्हा त्यांनी शेवटचे झाकण लावले. "आता खुशाल ने म्हणावं त्या मधपाळाला."

उतरताना कॅशियर चाचरत म्हणाला, "हिला भंगारात घालायचं बोललो खरं, बाबा..."

"दमलीय ती," वडील म्हणाले. "दमलेल्याला दमलेला म्हणावं, जावईबापू. निकामी म्हणू नये."

मुलीने मागे हात करून वडिलांचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

आता मी त्यांच्या दारात असते. तो मला रविवारी धुतो, तेही फक्त वरून. माझे सगळे अंग दुखते आणि पूर्वीसारखे ओढवत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू किंवा एखादे जुने माणूस कोपऱ्यात गप्प बसलेले असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याच्यापाशी खाली बसा. आमच्यातला जोर संपलेला नसतो, कुणी जोडून द्यायचा राहिलेला असतो.