शिलाई मशीनचं तेल आणि रेडिओचं बटण

"हरलास तर तुझ्याच दुकानाच्या काचेत, तूच शिवलेला फ्रॉक घालून, तासभर पुतळ्यासारखं बसायचं!" समोरचा वायरमन म्हणाला.

"आणि तू हरलास तर चौकात तोंडात बल्ब धरून उभं राहायचं. पेटला तर बरं, आमचं बिल तरी वाचेल!" शिंपीमास्तरांनी टाळी दिली.

वादाचं मूळ म्हणजे मास्तरांच्या सासऱ्यांचा रेडिओ. म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं. रोज सकाळी लेक त्यांना दुकानात खुर्चीवर आणून बसवायची आणि मांडीवर रेडिओ द्यायची. रेडिओ बोलत असला की म्हातारा गप्प. तो थांबला की जावयाच्या कात्रीपासून ढेरीपर्यंत सगळ्याचा समाचार. सासरे-जावयाचं कशावर म्हणून एकमत नव्हतं, पण शनिवारी सातला दोघांचेही कान त्या डब्याला. खुनाचं नाटक लागायचं. एकोणचाळीस शनिवार झाले होते, येत्या शनिवारी खुनी कळणार होता. आणि नेमकी आताच रेडिओची दोन्ही बटणं फिरवली की खरखरायला लागली होती. एक आवाजाचं, दुसरं सूर जाड-बारीक करायचं.

"थेंबभर मशीनचं तेल सोडतो," मास्तर म्हणाले. "वीस वर्षं माझं मशीन त्यावरच पळतंय."

"मशीनमध्ये लोखंडावर लोखंड घासतं, मास्तर. इथं काळ्या पातळ पट्टीवरून वीज जाते. आधी ती साफ करायची, वाळू द्यायची, मग पट्टीला आणि प्लास्टिकला सोसेल असं वंगण. तेही टाचणीच्या टोकाएवढं!"

"एवढ्याशा बटणाला एवढं बाळंतपण?"

मास्तरांच्या बायकोने निवाडा केला. आवाजाचं बटण नवऱ्याचं, दुसरं वायरमनचं. शनिवारपर्यंत जे खरखरेल त्याचा धनी हरला.

मास्तरांनी तेलाची कुपी दाबली. थेंबाने समाधान होईना, म्हणून अजून तीन. बटण लोण्यासारखं फिरायला लागलं. वायरमन मात्र अर्धा तास साफ करायचा फवारा मारतोय, बटण मागेपुढे फिरवतोय, फुंकर घालतोय. मास्तरांनी त्याला उशी आणून दिली, "डोकं टेकव, दमला असशील."

पाच दिवस मास्तर जाता-येता बटण फिरवून दाखवायचे आणि वायरमनला बल्बचं माप विचारायचे. सहाव्या दिवशी बटण जरासं अडलं. बारीकशी खरखर झाली, ती झाकायला मास्तर खोकले. कुणी ऐकलं नाही.

शनिवार. सात वाजले. मास्तरांनी मशीन बंद केलं, सासरे पुढे वाकले. नाटकातला फौजदार म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे. त्याचं नाव..." आणि आवाज कुजबुजीवर आला.

"वाढवा, जावईबापू! वाढवा!"

मास्तरांनी बटण पिळलं. खर्रर्र! मग एकदम गर्जना, मग पुन्हा खर्रर्र. आवाज ताळ्यावर आला तेव्हा निवेदक सगळ्या कलाकारांचे आभार मानत होता.

"चाळीस शनिवार," सासरे एवढंच बोलले आणि त्यांनी रेडिओ मांडीवरून खाली ठेवला. त्या गप्प बसण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या, असं मास्तरांना वाटलं.

वायरमनने रेडिओ पाठमोरा करून आत पाहिलं. मागचं झाकण तर कधीच हरवलं होतं. आवाजाच्या बटणाखाली तेलात भिजलेला निळा लगदा. आठवडाभर मास्तर शाळेचे निळे गणवेश बेतत होते, त्या कापडाचा सगळा भुसा तेलाने गोळा केला होता. शेजारचं बटण कोरडं, स्वच्छ, गुपचूप फिरणारं.

"अहो," बायको म्हणाली, "तो पिवळा फ्रॉक काढू की झालरवाला?"

रविवारी सकाळी काचेत झालरवाला फ्रॉक बसला होता, वर मिशा. अख्खी गल्ली लोटली. पुतळ्याने हलायचं नाही, बोलायचं नाही, ही अट. सासऱ्यांना लेकीने आत नेलं. त्यांनी चाचपून झालर पाहिली, गळा पाहिला.

"शिलाई सरळ आहे," ते म्हणाले. "कंबर मात्र उसवणार."

मग त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. साफ केलेला रेडिओ त्यांच्या मांडीवर ठेवून वायरमन शेजारी टेकला.

"बाबा, मी काल घरी नाटक ऐकलं. खुनी सांगू?"

काचेच्या आत पुतळ्याचे कान टवकारले. वायरमन म्हाताऱ्यांच्या कानाशी लागला. म्हाताऱ्यांनी मांडीवर थाप मारली, "अरे, मी म्हणतच होतो!" आणि पोट धरधरून हसले.

काच जाड होती. पुतळ्याला ओठ दिसले, नाव ऐकू आलं नाही. तास संपायला पन्नास मिनिटं बाकी होती.