जयदीप तीन महिने पुनावळ्याला

वर्षालीला सातवा महिना लागला आणि तिच्या सेंटरचं काय होणार, याची काळजी तिच्याइतकीच घरमालक दौलतरावांनाही लागली. काळेवाडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ती स्वमग्न मुलांना शिकवायची. पुस्तकात त्याला वर्तन-उपचार म्हणतात, आईबाप थेरपी म्हणतात.

मुलं पाच. त्यात भांडवल म्हणाल तर एकच, जयदीप. सहा वर्षांचा, बोलत नाही. आला तेव्हा काहीही हवं असलं की फरशीवर डोकं आपटायचा. आता झोक्याचं चित्र असलेलं कार्ड उचलून समोरच्याच्या हातात देतो. हा फरक बघूनच बाकीच्या चौघांचे आईबाप जिना चढले होते. जयदीप गेला की त्याच्यामागून चौघंही जाणार, हा हिशेब वर्षालीला कुणी शिकवायला नको होता.

बाळंतपणासाठी सेंटर बंद ठेवावं, तर जयदीप पुन्हा फरशीवर. चालू ठेवायचं, तर चालवणार कोण?

उत्तर होतं, पण तिला ते आवडत नव्हतं. चाकणच्या दिपालीताईंनी या पट्ट्यातल्या एकेकट्या वर्तन-उपचारकांचा एक संघ उभा केला होता. वर्षालीने वर्षभर घासाघीस केली, "वर्गणी भरून मिळणार काय? बिल्ला?" असं तोंडावर विचारलं आणि मग नाव घातलं. संघाचा नियम असा: सुटीवर जाणाऱ्याची मुलं दुसऱ्या सभासदाने सांभाळायची आणि परत द्यायची. मूल स्वतःला इजा करू लागलं, तर लपवायचं नाही, पहिल्या उपचारकाला कळवायचं.

आता जवळचा सभासद कोण, तर पुनावळ्याचा निरंजन. काचेचं दार, एसी, आणि 'पहिली तपासणी मोफत' असा फलक थेट काळेवाडीच्या चौकात लावणारा.

"पोरी," दौलतराव म्हणाले, "आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाळ्यावर बसवलं की ते तिथलंच व्हतं. आमी चाकणला कांद्याची आडत केलीय."

अंबुबाई, त्यांच्या मंडळी, शेंगा सोलत होत्या. "तुमच्या आईच्या सुतकात तुमच्या शेतकऱ्यांचा कांदा कुणी इकला?"

"कोंडीरामनं."

"मंग ते शेतकरी परत आलं का न्हाई?"

"आलं. पर कोंडीराम भोळा व्हता."

"भोळा न्हाई. त्याच्या पोरीचं लगीन तोंडावर व्हतं, तवा त्याची आडत कोण बघनार व्हतं? तुमीच की!"

दौलतरावांना तेवढ्यात पाण्याची मोटर बंद करायची आठवण झाली.

निरंजन आठवडाभर रोज येऊन बसला. वर्षालीने त्याला मुलं दाखवली, सगळं लिहून दिलं. म्हणजे जवळजवळ सगळं. जयदीपला 'थांब' कळत नव्हतं. त्याने कार्ड दिलं आणि झोक्यावर दुसरं मूल असलं, की ती हातातल्या प्लास्टिकच्या बांगड्या एकेक काढून त्याच्यासमोर ठेवायची. हात रिकामा झाला की झोका. थांबणं संपतं, हे त्याला डोळ्यांनी दिसायचं. त्या आठवड्यात तिने झोका मोकळा ठेवला आणि बांगड्या हातातच ठेवल्या. आचारी गावाला जाताना मसाला सांगतो, एखादी चिमूट राखून ठेवतो, तसं.

ती बार्शीला माहेरी गेली. मुलगी झाली. बारशाच्या तयारीत निरंजनचा फोन आला.

"वर्षाली, जयदीप डोकं आपटतोय. कपाळावर टेंगूळ आलंय. मला जमत नाहीये."

चौकात फलक लावणारा माणूस 'जमत नाहीये' म्हणतो, हे ऐकून तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल ते सांगायला नको. गारवा वाटला. "नव्या जागेत होतं असं," ती म्हणाली.

"मीही तेच धरून चाललो होतो. पण झोका मोकळा असला की ठीक असतो. थांबायला लागलं की सुरू. करिष्माताईंना आजच सांगितलंय, तुलाही सांगायचा नियम आहे. भीमराज ओव्हरटाइम सोडून न्यायला येतोय. उद्यापासून पाठवत नाही म्हणाला."

करिष्मा आणि भीमराज म्हणजे जयदीपचे आईबाप. उद्यापासून घरी, म्हणजे झोका नाही, कार्ड नाही आणि खाली फरशी. राखलेली चिमूट कुणाच्या कपाळावर उठली होती, ते वर्षालीला कळलं. गारवा गेला.

"निरंजन, एक गोष्ट मी सांगितली नव्हती. मुद्दाम."

तिने बांगड्यांचं सगळं सांगितलं. आता हा दिपालीताईंकडे तक्रार घेऊन जाणार, असं तिने धरलं.

"कितीच्या मापाच्या?" निरंजनने विचारलं.

"काय?"

"बांगड्या गं. माझा हात बघितलायस ना?"

मग तिने भीमराजला स्वतः फोन लावला. "भीमराजभाऊ, चूक माझी आहे. सरांची नाही. आठ दिवस द्या."

"मॅडम, लेकराचं कपाळ बघा की एकदा."

"बघितलं नाही, म्हणूनच मागायचा धीर होतोय. आठ दिवस. नाही जमलं तर मी बाळ घेऊन येते."

"चार," भीमराज म्हणाला. परभणीचा माणूस, घासाघीस सोडत नाही.

चार दिवसांत आपटणं थांबलं नाही, पण कमी झालं, आणि भीमराजने पाचवा दिवस न मागता दिला. पुनावळ्याच्या त्या काचेच्या दारामागे एक दाढीवाला माणूस मनगटावर पिवळ्या बांगड्या घालून बसतो, अशी बातमी मात्र चाकणपर्यंत गेली.

वर्षाली परतली तेव्हा चार मुलं परत आली. पाचव्याच्या आजीला एसी मानवला होता. त्याला ठेवून घेऊ का, असं निरंजनने आधी वर्षालीला विचारलं, तिने थोडं कुरकुरून हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात त्याने काळेवाडीतलं एक कुटुंब तिच्याकडे धाडलं, पुनावळ्याच्या खेपा घालून दमलेलं. दौलतरावांनी जिन्यातून मुलं मोजली. पुन्हा पाच.

जयदीप आईचा हात सोडून आत आला. वर्षाली झोक्याजवळ उभी राहिली. तो तिकडे गेलाच नाही. पिशवीतून त्याने एक नवं कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. पाण्याचं होतं.

"हे सरांनी शिकवलं," करिष्मा म्हणाली. "आता घरी पण मागतो ताई. पहिलं तहान लागली तरी रडायचा नुसता."

हे कार्ड वर्षालीने दोन महिने करून बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. तिने पेला भरला. जयदीप शेवटपर्यंत प्यायला.

दुपारी तिने पुनावळ्याला फोन लावला. "पाणी कसं शिकवलंस रे?"

"रविवारी संघाच्या बैठकीला ये. सगळ्यांसमोर सांगतो."

"आत्ता सांगायला काय जातं?"

"बाकीच्यांनाही अडलंय ते. दिपालीताईंच्या दोन मुलांना तेच हवंय. बाळाला घेऊन ये."

"येते. आणि बांगड्यांचं मी सांगेन. सगळं."

"सगळं म्हणजे, मी घातल्या होत्या तेही?"

"ते तर सगळ्यांत आधी," वर्षाली म्हणाली.