बारूद तोलणाऱ्या काट्याचा सूड

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी मनात ठेवणारा आहे. कुणी मला भंगार म्हटलं तर मी विसरत नाही.

कतारमध्ये दुखानच्या रस्त्यावर एक नेमबाजी क्लब आहे. तिथल्या मागच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तिथे पुन्हा भरतात. पुंगळीला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत तोलून बारूद घालायची, वर गोळी दाबायची. बारूद जरा जास्त झाली तर नेमबाजाच्या डोळ्यावर बेततं. ते 'जरा' पकडणं हे माझं काम!

रत्नागिरीचे उस्मानचाचा बावीस वर्षं माझ्यावर काम करत होते. रोज सकाळी बारुदीचा डबा उघडण्याआधी ते माझ्या पारड्यात एका काडतुसाच्या बारुदीइतकं, पितळेचं एक छोटं वजन ठेवत. मग चष्मा कपाळावर सरकवून, कमरेत वाकून, हनुवटी टेबलाला टेकवून माझ्या दांडीच्या टोकाशी डोळा नेत. उभ्याने मी खरा दिसत नाही, मला बघायचं तर वाकावंच लागतं. "काय मेल्या, झोप झाली ना?" असं विचारत. टोक रेघेवर आलं की मगच झाकण उघडत. एकही सकाळ त्यांनी चुकवली नाही. क्लबचे नेमबाज बक्षिसं आणत आणि माझी पाठ थोपटायला खोलीत येत. मी फुगून जायचो.

मग फुटबॉलचा वर्ल्ड कप वर्षभरावर आला. जिकडेतिकडे नवे रस्ते, नवी स्टेडियम. आमच्या क्लबलाही नटायची हौस आली. नवी सामग्री निवडायचं काम टोनीकडे आलं. टोनी वसईचा, ऑफिसात खरेदी बघणारा. बंदुकीची पुंगळी त्याने कधी हातात धरली नव्हती. त्याने फोटो बघून एक चकचकीत डिजिटल काटा मागवला. यादीतलं तपासणीचं वजन मात्र खोडून टाकलं.

"टोनीसाहेब, वजन तरी ठेवा," चाचा म्हणाले. "काटा खरा बोलतोय की नाही, कसं कळणार?"

"चाचा, स्क्रीनवर आकडा दिसतोय ना? पाहुणे येतील, फोटो काढतील. हे भंगार उचला. यल्ला, चला लवकर!"

भंगार! मी! माझ्या लाकडी पेटीत, त्या पितळी वजनासकट, मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फेकलं. माझ्या दांडीवर वाळू बसली. मी तिथे पडल्या पडल्या ठरवलं, टोनी, तुला मी सोडणार नाही.

टोनीने नवा काटा थेट एसीच्या झोताखाली ठेवला, फोटोत छान दिसतो म्हणून. शेजारीच त्याचा मोबाइल चार्जिंगला. झोताने आणि मोबाइलच्या लहरींनी आकडे हळूहळू सरकू लागले, आणि पडताळायला वजनच नव्हतं.

एका सकाळी मैदानावरून वलीचा आवाज आला. वली म्हणजे क्लबचा नेमबाजी शिकवणारा. "उस्मानभाई! बोल्ट नहीं खुल रहा!" गोळी झाडल्यावर पुंगळी रायफलच्या आत घट्ट अडकली होती, मागचा दांडा उघडेना. बारूद जास्त झाली होती. नशीब, त्याचा डोळा वाचला. खरं सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, आता टोनीची बारी!

पण शेडच्या दाराशी टोनी मुदीरांना, म्हणजे मॅनेजरांना, सांगत होता, "सर, चाचांचे हात थरथरतात. वय झालं." आणि मुदीर म्हणाले, गुरुवारी यांना घरी पाठवा.

माझा आनंद जागच्या जागी विरला. बावीस वर्षं रोज सकाळी वाकलेला तो माणूस, असा डाग घेऊन रत्नागिरीला जाणार?

बुधवारी चाचा शेडमध्ये आले. त्यांनी फुंकर मारून माझी वाळू उडवली. "चल मेल्या, एकदा खरं बोल," म्हणाले आणि मला मुदीरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिथे वली होता, टोनीही होता. चाचांनी आधी पितळी वजन माझ्या पारड्यात ठेवलं. मी रेघेवर उभा राहिलो. मग ते काढून, वलीने झाडलेलं काडतूस ज्या खोक्यातलं होतं त्यातलंच आणखी एक उघडून त्यातली बारूद माझ्यावर ओतली. माझं पारडं धाडकन खाली गेलं. एवढ्या जोरात मी कधी गेलो नव्हतो! मग चाचांनी तेच पितळी वजन नव्या काट्यावर ठेवलं. त्याने ते कमी दाखवलं, म्हणजे त्याच्या आकड्यावर भरलेली बारूद जास्तच पडत होती.

"हात माझे थरथरतात, मुदीरसाहेब," चाचा म्हणाले, "पण हा थरथरत नाही."

टोनीच्या तोंडचं पाणी पळालं. चाचांचं तिकीट रद्द झालं. मुदीरांनी हुकूम काढला की रोज सकाळी बारुदीचा डबा उघडण्याआधी टोनीनेच माझ्यावर वजन तपासायचं आणि सही करायची.

मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकण्याआधी तिचं काम नीट समजून घ्या, आणि ते काम करणाऱ्या माणसालाही विचारा. तिला पुसा, जपा. नाहीतर माझ्यासारखी एखादी भेटेल. चाचांनी टोनीला केव्हाच माफ करून टाकलं, त्याला चहासुद्धा पाजतात. मी केलेलं नाही. रोज सकाळी तो येतो, टाय खांद्यावर टाकतो आणि माझ्यासमोर वाकतो.

"अजून खाली, टोनीसाहेब," चाचा मागून म्हणतात. "हनुवटी टेकू द्या."