खंडेनवमीचा पाहुणा

माझी सून नीरजा संरक्षणाच्या अर्थशास्त्रावर पीएच.डी. करत होती, आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या मला तिचा तो विषय काही केल्या पटेना. रणगाडे, विमानं सोडून ही पोरगी भिवंडीचं वीज उपकेंद्र घेऊन बसली होती, आणि तेही शेलार गावाच्या बाजूचं, जिथे माझा मुलगा मिहिर ऑपरेटर होता. "देशाचं रक्षण राहिलं बाजूला, नवऱ्याची ड्युटी तपासायला निघालीस की काय?" असं मी चिडवलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, हे एक केंद्र बंद पडलं तर अर्ध्या गावाचे कापडाचे लूम थांबतात. शत्रूला सीमेवर यायची गरजच काय? अशा जागा राखायला किती खर्च करावा, एवढंच मी शोधतेय."

मग मात्र मला चेव आला. तिच्या प्रबंधात हल्लेखोर म्हणजे नुसता एक आकडा होता. मी म्हटलं, अगं, चेहरा दिल्याशिवाय पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही. चहा घेता घेता आम्ही दोघांनी एक माणूस उभा केला. पन्नाशीचा, राखाडी सफारीतला, गोड बोलणारा, डाव्या कानाची पाळी तुटलेला. तो येणार खंडेनवमीला, कारण त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, फाटक उघडं असतं आणि नारळ घेऊन आलेल्याला आपल्याकडे कोणी हटकत नाही. आत गेला की मुख्य स्विच पाडणार, की अर्धं गाव ठप्प. नीरजाने ते उतरवून घेतलं आणि मी स्वतःवरच बेहद्द खूश झालो.

त्या साली, म्हणजे दोन हजार चारच्या खंडेनवमीला, मी सकाळी विळी, अडकित्ता, पक्कड असं सगळं पाटावर मांडत होतो. माझी बायको प्रमोदिनी फुलं निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही अंघोळीला होतात ना, तेव्हा एक गृहस्थ येऊन गेले. मिहिर आज ड्युटीवर आहे का, विचारत होते. बोलायला भारी गोड. कानाला मात्र काहीतरी झालंय बिचाऱ्याच्या."

आम्ही तो माणूस रचला तेव्हा प्रमोदिनी गणेशपुरीला बहिणीकडे होती. तिला त्यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. नीरजाने कुंकवाची वाटी खाली ठेवली आणि फोन लावला. उपकेंद्रातला फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. "योगायोग गं," मी म्हटलं खरं, पण तोवर मी स्कूटरची किल्ली उचलली होती. नीरजाला मागे बसवून धामणकर नाक्यावरच्या त्या गर्दीतून स्कूटर कशी काढली, ते मला आजही सांगता येणार नाही.

फाटकाला झेंडूचं तोरण होतं आणि फाटक सताड उघडं. रखवालदार सावळाराम उठून उभा राहिला.

"या भाऊ. तुमचा पावना मंगाशीच आला, नारल घेऊन. तुमचाच नाव सांगला, मग मी कशाला अडवू? साहेबांच्या जवल बसला हाय."

"बाहेर आला का तो?"

"न्हाय. दार तर ह्योच एक हाय."

आत मिहिर एकटाच होता. लपायला तिथे जागाही नव्हती. पॅनेलवर कुंकवाची बोटं, पुढ्यात फोडलेला नारळ, तेवणारं निरांजन, आणि बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर नेहमीसारखी चालू. एकही स्विच जागचा हलला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याची लाज वाटून, फोन का उचलत नाहीस म्हणून मी त्याला झाडायला तोंड उघडलं.

नीरजाने त्याआधीच त्याचा हात धरला. "मिहिर, कोण आलं होतं?"

त्याने हात हळूच सोडवून घेतला, बाजारात परक्या बाईचा धक्का लागल्यावर आपण संकोचतो तसा संकोचला, आणि आमच्या मागोमाग दारात आलेल्या रखवालदाराकडे बघून विचारलं, "सावळाराम, ह्या कोण?"

सावळाराम हसला. त्याला ती थट्टा वाटली. मलाही तशीच वाटावी म्हणून मी हसून पाहिलं.

"पुरे झाला चावटपणा," मी म्हणालो. "आई जेवायची थांबलीय घरी."

मिहिरने माझ्याकडे नीट, अदबीने पाहिलं. त्या पाहुण्याच्या नारळातला खोबऱ्याचा एक तुकडा काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

"प्रसाद घ्या, काका," तो म्हणाला. "घर लांब आहे का तुमचं?"