निळं ग्रीस

उलायुकने चाकाच्या बेअरिंगवरचं रबरी झाकण दाभणाने उचकटलं आणि आत पाहिलं. निळं ग्रीस मेणासारखं गोठलं होतं. नखाने टोकरलं तर त्याचा चक्क तुकडा पडला.

तासाभरापूर्वी ती पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यावरचा बर्फ आणायला निघाली होती. कोसभर गेली नाही तोच बर्फगाडी जड झाली, जळक्या रबराचा वास सुटला आणि गाडी बसलीच. पट्ट्याच्या आतल्या आठ चाकांपैकी सहा फिरतच नव्हती, नुसती घासत होती. बाहेर उणे त्रेचाळीस. सूर्य आठवड्यापूर्वी गेलेला, आता जानेवारीतच उगवायचा. शेजारचा पाउलूसी मागोमाग आला म्हणून बरं. त्याने दोर बांधून गाडी ओढत आणली आणि वाटभर टिंगल केली, "तुझं ते प्रमाणपत्र पट्ट्याखाली घालून बघायचंस, घसरली असती!"

बंद बेअरिंगला जन्मात ग्रीस लागत नाही, असं कारखानेवाले म्हणतात. त्यांना म्हणावं, एक हिवाळा इथे काढून दाखवा. ध्रुवाजवळच्या या गावात दर ऑक्टोबरला झाकणं उचकटतात, जुनं पुसतात, नवं भरतात. उलायुक दक्षिणेतल्या शहरात जाऊन सहा आठवडे गाड्या दुरुस्त करायला शिकून आली होती, त्यामुळे यंदा तिचा रुबाब काही विचारू नका. बापाचं राखाडी, पातळ ग्रीस बघून तिने नाक मुरडलं होतं.

"लेका, हे ग्रीस आहे का शेंबूड? होडीचं निळं भरायचं. त्यात पाणी शिरत नाही, तिकडे सगळे तेच भरतात."

"आई म्हणेल तसं," एनुकी हसून म्हणाला होता.

ती बापाला लेका म्हणे आणि बाप तिला आई, याचं गावात कुणाला नवल नव्हतं. एनुकीची आई गेली त्याच वर्षी ही जन्मली. आजीचं नाव हिला मिळालं आणि नावाबरोबर नातंही आलं. बावीस वर्षांत एनुकीने तिला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. आईच्या चुका काढणारा मुलगा कुठल्या तोंडाने गावात फिरेल?

दाभण तिने तसंच टाकलं. त्या दिवशी तिने दोन्ही गाड्यांची बेअरिंगं भरली होती. आणि एनुकी त्याच्या गाडीवरून परवा एकटाच माशांच्या तळ्याकडे गेला होता. दिवसभराची वाट, मध्ये माणूस नाही, आणि त्याचा रेडिओ तिथवर पोचत नाही. कालपासून पारा एकदम उतरला होता.

'मी बापाला मारलं.' हेच एक वाक्य डोक्यात घेऊन ती आत्याच्या घरी धावली.

रीपीकाआत्या खिडकीशी बसून बूट शिवत होती. शेजारी दुर्बीण आणि चहा. भावासारखीच तीही उलायुकला आई म्हणे.

"आई, दार लाव गं. थंडी आत येतेय."

"आत्या, माणसं पाठव! लेकाच्या गाडीत मी निळं ग्रीस भरलंय. ते दगड झालंय. तो तिकडे..."

आत्याने दोरा दाताने तोडला. "त्याच्या गाडीत ते नाहीये."

"काय?"

"तू भरलंस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने सगळं काढलं, रॉकेलने धुतलं आणि आपलं जुनं भरलं. रॉकेलचा डबा मीच धरला होता."

तो जिवंत होता. उलायुकने सुखाचा श्वास घेतला, मग तिला स्वतःची गाडी आठवली.

"आणि माझ्या गाडीतलं?"

आत्या सुईत दोरा ओवत राहिली.

"आत्या, माझ्या गाडीतलं का नाही काढलं?"

"तुझ्या गाडीला हात लावलेला तुला खपतो का? आणि आईला सांगायचं कसं, तुझं चुकलं म्हणून? म्हणाला, कडाक्याची थंडी पडायच्या आत तिचं तिलाच कळेल. मला मात्र सांगून गेला, तिच्यावर नजर ठेव. मीच पाउलूसीला पाठवला."

"म्हणजे तुम्हाला दोघांना ठाऊक होतं." उलायुक आत्याच्या पुढ्यात आली. "ठाऊक असून मला जाऊ दिलंत? अंधारात तुझी नजर चुकली असती तर?"

इतकी वर्षं ज्या मानाने उलायुक सुखावत होती, तो मान आज तिच्या जिवावर उठला होता.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. आत्याने मान वर केली. "हा तर एनुकी! तो शनिवारी यायचा होता ना?"

दोघी बाहेर धावल्या. एनुकीच्या मागची घसरगाडी रिकामी होती. एक मासा नव्हता, तंबूसुद्धा तिकडेच राहिला होता. तो उतरला, पण त्याचे गुडघे सरळ होईनात. डाव्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता. त्याने उलायुकला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मग मान खाली घातली.

"आई, तुझं ग्रीस चुकलंय," तो म्हणाला. "ते या थंडीत गोठतं. पारा उतरला आणि मला झोपच लागेना. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

एवढं एक वाक्य बोलायला तो रात्रभर गाडी हाकत आला होता. उलायुकने हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्याच्या गोठलेल्या गालावर दाबला. तिला रडू येत होतं आणि संतापही आवरत नव्हता. मुलाला आईवर ओरडता येत नाही, पण आईला कुणाची चोरी?

"मूर्खा! गाल गोठेपर्यंत कुणी गाडी हाकतं? तंबू टाकून आलास, वाटेत वारा सुटला असता म्हणजे? आणि ऑक्टोबरात तोंड शिवलं होतं का तुझं? मी मेले असते, कळतंय का तुला?"

"हो, आई."

"पुन्हा असा गप्प बसशील?"

"नाही, आई," एनुकी म्हणाला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला.